संगणक कॅबिनेट : वायुवीजन व शीतन

संगणकाचा मदरबोर्ड, प्रोसेसर, स्मृती, हार्ड डिस्क, शक्तिपुरवठा एकक इ. घटक ज्या पेटीत बसविलेले असतात तिला व्यवहारात कॅबिनेट म्हणतात. ही पेटी बहुधा पातळ पोलादी पत्र्याची असून तिच्या दर्शनी बाजूस प्लॅस्टिक, जाळी किंवा काच यांचे आवरण असते. घटकांना आधार देणे, त्यांचे आघात व विद्युत् चुंबकीय व्यत्यय यांपासून रक्षण करणे आणि त्यांत निर्माण होणारी उष्णता बाहेर जाऊ देणे अशी तिची तीन कामे आहेत. यांपैकी पहिली दोन कामे जवळजवळ कोणतीही पेटी करू शकते. तिसरे काम मात्र पेटीची रचना, तीतील पंखे व ती जेथे ठेवली आहे तेथील हवामान यांवर अवलंबून असते. महाराष्ट्रातील जालन्यासारख्या उष्ण, कोरड्या व धुळीच्या जिल्ह्यात संगणकाचे आयुष्य व त्यातील नोंदींची सुरक्षितता या तिसऱ्या कामावर बऱ्याच अंशी अवलंबून असते.

ऐतिहासिक आढावा : संगणकाच्या शीतनाचा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. अमेरिकेत १९४६ मध्ये जाहीर झालेल्या एनिॲक या संगणकात सु. १८,००० इलेक्ट्रॉन नलिका होत्या. तो सु. १५० किलोवॉट शक्ती वापरीत असे व त्याला थंड ठेवण्यासाठी मोठे वातप्रेरक बसवावे लागले होते. मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात सु. २,७०० इलेक्ट्रॉन नलिका होत्या. त्याचे मुख्य मंडल सु. १८ फुट लांब, अडीच फुट रुंद व ८ फुट उंच अशा पोलादी सांगाड्यात बसविलेले असून मंडलांपर्यंत पोहोचण्यासाठी सांगाड्याच्या दोन्ही बाजूंस पोलादी दारे होती. पुढे ट्रँझिस्टर व एकात्मित मंडले यांमुळे संगणकाचा आकार व त्याची उष्णता ही दोन्ही कमी झाली.

१ मे १९८१ रोजी पूर्वीच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) व परभणी या जिल्ह्यांच्या भागांतून जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएम या कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याचे शक्तिपुरवठा एकक ६३·५ वॉटचे होते व त्या एककात असलेला एकच पंखा सर्व पेटीला पुरत असे. १९८५ मध्ये आलेल्या ८०३८६ या प्रोसेसरला सु. २ वॉट पुरत व त्याच्यावर कोणताही शीतक नसे. १९९३ मधील पहिल्या पेंटियम प्रोसेसरला सु. १५ वॉट लागू लागले आणि त्यावर पंखा बसविणे आवश्यक झाले. १९९५ मध्ये प्रचारात आलेल्या एटीएक्स या प्रमाणित रचनेत मदरबोर्डाचा आकार (३०५ × २४४ मिमी.), त्याच्या जोडण्या व शक्तिपुरवठ्याची जागा निश्चित करण्यात आली. या रचनेत प्रारंभी शक्तिपुरवठ्याच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडावी अशी कल्पना होती. परंतु ही हवा शक्तिपुरवठ्यातून येताना तापत असे, म्हणून पुढे दिशा उलट करून त्या पंख्याने हवा बाहेर टाकण्याची पद्धत रूढ झाली. २००४ च्या सुमारास काही प्रोसेसरांची उष्णता १०० वॉटच्या वर गेली. तेव्हा सरळ वायुप्रवाह डोळ्यांपुढे ठेवून बीटीएक्स ही नवी रचना मांडण्यात आली. पण प्रोसेसरांची उष्णता पुन्हा खाली आल्याने ती काही वर्षांतच मागे पडली. आज साध्या कार्यालयीन संगणकाचा प्रत्यक्ष शक्तिव्यय ४० ते १०० वॉट असतो, तर शक्तिमान आलेखिकी कार्ड असलेल्या संगणकाचा ५०० वॉटच्याही वर जाऊ शकतो. पेटी मात्र अजून मुख्यतः एटीएक्स वळणाचीच आहे.

उष्णतेची निर्मिती व संक्रमण : संगणकात शिरणारी विद्युत् ऊर्जा जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णतेत रूपांतरित होते. म्हणजेच १०० वॉट घेणारा संगणक हा उष्णतेच्या दृष्टीने १०० वॉटची शेगडीच होय. प्रोसेसरमधील उष्णता प्रथम संवहनाने (पदार्थातून पदार्थात) त्याच्यावरील धातूच्या ठोकळ्यात जाते. हीट सिंक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ठोकळ्याला अनेक पातळ पट्ट्या असतात. तेथून ती संनयनाने (हवेच्या वहनाने) पेटीतील हवेत व त्या हवेबरोबर पेटीबाहेर जाते. प्रारणाने पत्र्यातून जाणारा वाटा अल्प असतो [⟶ उष्णता संक्रमण].

यावरून असे दिसते की, प्रोसेसरचे तापमान तीन पायऱ्यांची बेरीज असते : खोलीचे तापमान, खोलीपेक्षा पेटीतील हवा जितकी अधिक तापलेली असेल ती वाढ आणि पेटीतील हवेपेक्षा प्रोसेसर जितका अधिक तापलेला असेल ती वाढ. समजा खोली २५° से., पेटीतील वाढ ८° व प्रोसेसरची वाढ ४०° असेल, तर प्रोसेसर ७३° से. वर राहील. हाच संगणक ४२° से. तापमानाच्या खोलीत नेला, तर तो ९०° से. वर जाईल. त्यातच पेटी कोंदट असून तीतील वाढ ८° ऐवजी २०° झाली, तर बेरीज १०२° से. होते. बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५° ते १००° से. असते. ती गाठताच ते स्वसंरक्षणार्थ आपला वेग कमी करतात व तेवढ्यानेही न भागल्यास संगणक बंद पडतो. पुण्यात केवळ मंद व किंचित सदोष ठरणारी पेटी मराठवाड्याच्या मे महिन्यात निकामी ठरते, त्याचे कारण हे होय.

हार्ड डिस्कची मर्यादा याहून कमी, बहुधा ६०° से. असते. विद्युत् विच्छेद्य धारित्रांच्या बाबतीत, तापमान १०° से. ने वाढले की त्यांचे आयुष्य सु. निम्मे होते, असा ठोकताळा आहे. म्हणून अतितापनाचे परिणाम नेहमी तत्काळ दिसत नाहीत. पुष्कळदा ते दोन-तीन उन्हाळ्यांनंतर, शक्तिपुरवठा जळणे किंवा डिस्क वाचता न येणे, या रूपाने प्रकट होतात.

वायुप्रवाहाचे गणित : पेटीतून जाणारी हवा किती उष्णता वाहून नेईल हे हवेची घनता, विशिष्ट उष्णता, दर सेकंदास जाणारे घनफळ व हवेच्या तापमानातील वाढ या चार राशींच्या गुणाकाराने मिळते. समुद्रसपाटीस २०° से. तापमानात हवेची घनता दर घ. मी. ला सु. १·२० किग्रॅ. असते. जालना शहर समुद्रसपाटीपासून सु. ५०० मी. उंचीवर आहे. तेथे ४०° से. तापमानास ही घनता सु. १·०६ किग्रॅ. इतकीच भरते. पंखा ठराविक वेगाने फिरत असता दर मिनिटास तितकेच घनफळ ढकलतो. पण हवा विरळ असल्याने त्या घनफळात वस्तुमान कमी असते व ते उष्णताही कमी वाहून नेते. ३०० वॉट उष्णता हवेचे तापमान फक्त १०° से. ने वाढवून बाहेर न्यावयाची झाल्यास समुद्रसपाटीस मिनिटाला सु. १·५ घ. मी. हवा पुरते, तर जालन्याच्या उन्हाळ्यात सु. १·७ घ. मी. लागते. पंख्यांच्या खोक्यांवर हा आकडा बहुधा घनफुट प्रतिमिनिट, म्हणजे सीएफएम, या एककात छापतात. त्यानुसार वरील दोन आकडे अनुक्रमे सु. ५३ व ६० होतात. त्याच हिशेबाने १०० वॉटच्या कार्यालयीन संगणकाला २० सीएफएम पुरतात.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पहिली अशी की, खोक्यावरील आकडा पंखा मोकळ्या हवेत फिरत असतानाचा असतो. जाळी, गाळणी व तारा यांच्या विरोधामुळे पेटीत बसविल्यावर तो अर्ध्यापर्यंतही उतरू शकतो. दुसरी अशी की, उष्ण हवा हलकी असल्याने आपोआप वर जाते म्हणून वरच्या बाजूस भोके असली की पुरे, हा समज खरा नाही. ४० सेंमी. उंचीच्या पेटीत १०° से. च्या फरकाने निर्माण होणारा धुराड्यासारखा दाब सु. ०·१३ पास्काल असतो. १२० मिमी. व्यासाचा साधा पंखा १० ते २० पास्काल दाब देतो. म्हणजे पंख्यापुढे नैसर्गिक संनयन शतांशाइतकेच असते. चालू पंख्याची दिशा निसर्गक्रमाविरुद्ध असली, तरी तीच टिकते.

पंखे व त्यांची मांडणी : पेटीचे पंखे बहुधा ८०, ९२, १२० किंवा १४० मिमी. आकाराचे असतात. पंख्याचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. आवाजही वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. म्हणून वेगाने फिरणाऱ्या एका लहान पंख्यापेक्षा संथ फिरणारे दोन मोठे पंखे अधिक उपयुक्त ठरतात. ते तितकीच हवा कमी आवाजात देतात व त्यांचे धारवे (बेअरिंगे) अधिक टिकतात.

सर्वसाधारण मांडणीत हवा समोरून व खालून आत येते, डिस्क, आलेखिकी कार्ड व प्रोसेसर यांवरून जाते आणि मागून व वरून बाहेर पडते. बाहेर टाकणारा पंखा आत घेणाऱ्याच्या अगदी जवळ असल्यास ताजी हवा घटकांना न भेटताच निघून जाते. आत ओढणाऱ्या पंख्यांची क्षमता अधिक असेल, तर पेटीत किंचित धन दाब राहतो व हवा फटींतून बाहेर पडते. बाहेर टाकणारे पंखे अधिक असतील, तर ऋण दाब निर्माण होऊन प्रत्येक फटीतून न गाळलेली हवा आत खेचली जाते. धुळीच्या प्रदेशात धन दाबाची मांडणी पसंत करावी. तीत हवा गाळणीतूनच आत येते.

पंख्याइतकेच महत्त्व त्याच्यापुढील मोकळ्या क्षेत्रफळाला आहे. १२० मिमी. पंख्याचे, मधला भाग वगळून, क्षेत्रफळ सु. १०० चौ. सेंमी. असते. असे दोन पंखे गुदमरू नयेत म्हणून निदान २०० चौ. सेंमी. मोकळी जागा हवी. निम्मे क्षेत्र भोकांचे असलेली जाळी घेतल्यास ४०० चौ. सेंमी. जाळी लागते व पेटीच्या दर्शनी बाजूस ती सहज मावते. परंतु दर्शनी बाजू काचेची असून तिच्या दोन्ही कडांना १ सेंमी. रुंद व ४० सेंमी. उंच एवढ्याच फटी असतील, तर सर्व मिळून ८० चौ. सेंमी. जागा उरते. अशा पेटीत तीन रंगीत दिव्यांचे पंखे असले, तरी त्यांना ओढण्यासाठी हवाच नसते.

धूळ व गाळणी : हीट सिंकच्या पट्ट्यांमध्ये बसलेला धुळीचा थर उष्णतारोधक असतो व हवेचा मार्गही बुजवितो. तो रोखण्यासाठी आत ओढणाऱ्या पंख्यांपुढे नायलॉनची किंवा धातूची बारीक जाळी बसवितात. जाळी जितकी बारीक तितका तिचा विरोध अधिक, म्हणून गाळणीमागे अधिक दाब देणारा पंखा निवडावा लागतो. गाळणी स्क्रू न काढता बाहेर ओढता यावी. जी काढण्यास अवघड असते ती साफ केली जात नाही, आणि तुंबलेली गाळणी ही गाळणी नसण्यापेक्षा घातक ठरते. वापरात नसलेल्या कार्डांच्या खाचा पट्ट्यांनी बंद कराव्यात. त्यांतून धूळच नव्हे, तर पाली, मुंग्या व उंदराची पिलेही आत शिरतात.

जालना जिल्ह्यातील परिस्थिती : जालना जिल्ह्यात संगणकाला चार प्रकारच्या अडचणींना तोंड द्यावे लागते. पहिली उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४०° से. च्या आसपास व काही दिवशी त्याहूनही वर जाते. पत्र्याच्या छपराखालील खोलीत हवेचे तापमान बाहेरच्याहून अधिक असू शकते. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत दुपार पुष्कळ सुसह्य असते, परंतु छतातून झडणारी माती संगणकावर पडते. अशा ठिकाणी वरच्या बाजूस भोके असलेली पेटी टाळावी.

दुसरी अडचण काळ्या मातीच्या सूक्ष्म धुळीची. पेरणीपूर्व मशागतीच्या दिवसांत व कच्च्या रस्त्यांलगत ही धूळ हवेत सतत असते. तिसरी अडचण उद्योगांची. कापूस हे जिल्ह्याचे प्रमुख पीक असून जिनिंग कारखान्यांत सरकीपासून रुई वेगळी करताना उडणारे तंतू वजनकाट्यावरील व कार्यालयातील संगणकांत शिरतात आणि हीट सिंकवर नमद्यासारखा थर धरतात. जालना शहरालगतच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून बिलेट व त्यांपासून बांधकामाच्या सळया तयार करतात. या उद्योगामुळे जालना देशभर ओळखले जाते. तेथील धुळीत लोहाचे कण व कार्बन असतो. अशी धूळ विद्युत् संवाहक असू शकते व मंडल फलकावर साचल्यास मंडल संक्षेप घडवून आणते. अशा जागी कितीही चांगले वायुवीजन असलेली पेटी अयोग्यच होय. तेथे पंखा नसलेला, संपूर्ण बंद व पट्ट्यांच्या धातुकवचातूनच उष्णता सोडणारा औद्योगिक संगणक वापरावा, किंवा संगणक आयपी ५४ वा त्याहून वरच्या दर्जाच्या बंद कपाटात ठेवून त्यास उष्णता-विनिमयक जोडावा.

चौथी अडचण विजेची. पुरवठा खंडित झाल्यावर संगणक यूपीएसवर चालू राहतो, पण छताचा पंखा व कूलर बंद पडतात. बंद खोलीत चार-पाच संगणक असतील, तर त्यांची उष्णता खोलीतच साठत जाते. पेटी खोलीपेक्षा थंड राहू शकत नाही. म्हणून खोलीचे वायुवीजन हा पेटीच्या वायुवीजनाचाच पहिला भाग समजावा.

येथील कोरड्या उन्हाळ्याचा एक फायदाही आहे. ४०° से. तापमान व २०% सापेक्ष आर्द्रता असताना आर्द्र कंदाचे तापमान सु. २२° से. असते. त्यामुळे वाळ्याचा वा गवताचा साधा कूलर २६° से. च्या आसपासची हवा देऊ शकतो. खोलीची एक खिडकी उघडी ठेवून कूलर लावल्यास संगणकाची स्थिती एकदम सुधारते. चालू संगणकाचे घटक खोलीतील हवेपेक्षा उष्ण असल्याने त्यांवर दव धरत नाही. मात्र कूलरचा झोत थेट पेटीवर सोडू नये, कारण त्यासोबत येणारे जलतुषार व कठीण पाण्यातील क्षार आत साचतात व पत्रा गंजतो. पावसाळ्यात हवा आधीच दमट असल्याने या उपायाचा उपयोग राहत नाही.

निवड : खरेदीच्या वेळी प्रोसेसर व स्मृती यांची चौकशी प्रथम होते व पेटीची सर्वांत शेवटी. ती करताना पुढील क्रम ठेवावा. (१) संगणकाचा महत्तम शक्तिव्यय किती हे पाहून वर सांगितलेल्या हिशेबाने लागणारा वायुप्रवाह काढावा व पंख्यांच्या छापील क्षमतांची बेरीज त्याच्या निदान दुप्पट ठेवावी. (२) दर्शनी बाजू जाळीची असावी. काचेची किंवा सलग प्लॅस्टिकची असल्यास कडेच्या फटींचे क्षेत्रफळ मोजून पाहावे. (३) समोर १२० मिमी. किंवा १४० मिमी. चे दोन व मागे एक पंखा बसविण्याची सोय असावी. कार्यालयीन संगणकास समोर एक व मागे एक पुरे. (४) प्रत्येक प्रवेशद्वारी सहज निघणारी गाळणी असावी. (५) शक्तिपुरवठा एकक तळाशी असून त्याला खालून स्वतंत्र हवा मिळत असावी आणि पेटीचे पाय निदान २ सेंमी. उंच असावेत. (६) डिस्क समोरच्या पंख्याच्या झोतात येत असावी. (७) तारा मदरबोर्डाच्या मागून नेता याव्यात. (८) प्रोसेसरचा शीतक व आलेखिकी कार्ड आत मावतील एवढी रुंदी व लांबी असावी. पेटी मोठी असली म्हणजे ती थंड राहते असे नाही. सुनियोजित लहान पेटी मोठ्या कोंदट पेटीपेक्षा चांगली.

ठेवणी, चाचणी व निगा : पेटी जमिनीवर न ठेवता १५ ते ३० सेंमी. उंचीवर ठेवावी, कारण केर काढताना उडणारी धूळ जमिनीलगतच राहते. तिच्या मागे निदान १५ सेंमी. अंतर मोकळे असावे. संगणक-टेबलाच्या बंद कप्प्यात पेटी ठेवल्यास तिची स्वतःचीच उष्ण हवा पुन्हा आत येते. धूळ बसू नये म्हणून घातलेले प्लॅस्टिकचे आवरण संगणक सुरू करण्यापूर्वी पूर्णपणे काढावे.

वायुवीजन पुरेसे आहे की नाही हे साध्या उपायांनी समजते. संगणक अर्धा तास कामात ठेवून समोरच्या व मागच्या हवेचे तापमान तापमापकाने मोजावे. फरक १५° से. हून अधिक असल्यास प्रवाह अपुरा आहे. पेटीचे बाजूचे झाकण काढल्यावर प्रोसेसरचे तापमान ५° से. किंवा अधिक उतरले, तर दोष पेटीचा समजावा. न उतरल्यास शीतक, त्याखालील उष्णतावाहक लेप किंवा खोली यांत दोष शोधावा. झाकण कायमचे उघडे ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. त्याने प्रवाहाची दिशा मोडते व धूळ सर्वत्र बसते. हवेची दिशा पाहण्यासाठी पेटीबाहेर फटीजवळ उदबत्ती धरल्यास धूर कोठे ओढला जातो ते दिसते.

उन्हाळ्यात गाळणी दर पंधरा दिवसांनी व एरवी महिन्याने धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी. आतील सफाई वर्षातून दोनदा, शक्यतो होळीनंतर व दिवाळीपूर्वी, वीज तोडून व पेटी घराबाहेर नेऊन करावी. ती मऊ कुंचल्याने व हवेच्या झोताने करतात. झोत सोडताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती मर्यादेबाहेर वेगाने फिरून धारवे बिघडतात. वाहनांच्या चाकांत हवा भरणाऱ्या संपीडकाच्या हवेत पाण्याचे व तेलाचे कण असतात. म्हणून ती वापरू नये.

हवेच्या मर्यादा : हवेने वाहून नेता येणाऱ्या उष्णतेला मर्यादा आहे. तेवढ्याच घनफळाचे पाणी हवेच्या तीन हजारपटींहून अधिक उष्णता सामावून घेते. म्हणून महासंगणकांत द्रवशीतनाचा अवलंब वाढत आहे. पुणे येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत २०१९ मध्ये बसविलेल्या परम ब्रह्म या महासंगणकात उष्ण घटकांना थेट भिडणाऱ्या द्रवाने शीतन केले जाते. घरगुती संगणकांसाठीही द्रवशीतक मिळतात. परंतु त्यांतील द्रवाने आणलेली उष्णता अखेर पंख्यानेच हवेत सोडावी लागते व त्यासाठी हवेशीर पेटीची गरज तशीच राहते.

गावोगावच्या सेवा केंद्रांतून सातबारा उतारे, दाखले व अर्ज यांचे काम आता संगणकावर चालते. शाळा, रुग्णालये व बाजार समित्या यांच्या नोंदीही त्यावरच असतात. ऐन मे महिन्यात, प्रवेशाच्या व पीककर्जाच्या हंगामापूर्वी, एखादे यंत्र बंद पडले, तर त्याची झळ रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पोहोचते. योग्य पेटी, दोन संथ पंखे व वेळेवर धुतलेली गाळणी एवढ्या अल्प खर्चाच्या गोष्टींनी ही आपत्ती बहुतांशी टाळता येते.